स्वतःच्या पत्त्यावर

थंडर बेच्या वाचनालयाचं तळघर. मंगळवार, सात वाजता.
बाहेर उणे एकोणतीस. आत बारा खुर्च्या, नऊ माणसं,
आणि बर्नडेट सावचुक, जिनं तीन वेगवेगळ्या नावांनी
एकेचाळीस पुस्तकं विकली आहेत.
विकली, असंच म्हणते ती. लिहिली म्हणत नाही.

पहिल्या दिवशी तिनं कागदच काढू दिला नाही.
किटली ठेवली आणि म्हणाली,
आधण येईस्तोवर सांगा, पुस्तक कशाबद्दल आहे.
ऑर्विल उभा राहिला. धान्याच्या कोठारावर
चौतीस वर्षं वजनकाटा सांभाळलेला माणूस, सहाशे पानांची कादंबरी.
आधी आजोबांचं गाव, मग बोट, मग बोटीवरचा गोवर,
आणि किटलीनं शिट्टी मारली तेव्हा
आजोबा अजून हॅलिफॅक्सच्या धक्क्यावरच.
कोणी हसलं नाही.
आमचे सगळ्यांचेच आजोबा धक्क्यावर होते.

बोलणाऱ्याची बोरं खपतात,
मुक्याचे गहू पडून राहतात म्हणे.
या बंदरात तर गव्हाचे डोंगर.
पण बर्नडेटचं गणित निराळं.
"माझा बाप मासे विकायचा, ट्रकची मागची फळी पाडून.
सरोवर किती खोल, जाळं किती जुनं,
बोटं किती फुटली, हे त्यानं गिऱ्हाइकाला
जन्मात सांगितलं नाही.
मासा वर्तमानपत्रावर ठेवायचा. आज पहाटेचा, म्हणायचा.
आणि गप्प."

मग पाच मंगळवार आम्ही गप्प बसायला शिकलो,
एका पानात.
संपादिकेच्या आडनावात दोन टी, ते तपासायचं.
'मी एक साधी नर्स' खोडायचं.
'माझ्या मैत्रिणींना फार आवडलं' खोडायचं.
'वेळ मिळाल्यास' खोडायचं.
मार्सेलनं तर इतकं खोडलं
की तारीख आणि सही तेवढी उरली;
बर्नडेट म्हणाली, बरं जमतंय.

माझं पुस्तक आईच्या सार्वजनिक सौनाबद्दल होतं.
चारशे दहा पानं. वाफ, बर्चच्या डहाळ्या,
शनिवारी रांगेत उभे लाकूडतोडे,
त्यांची फिनिश भाषेतली भांडणं.
एक वाक्य दे, बर्नडेट म्हणाली.
रात्रपाळीत, अकरा नंबरच्या म्हाताऱ्याचं सलाईन बघता बघता
औषधाच्या तक्त्यामागे मी लिहिलं:
संपाच्या हिवाळ्यात आईनं अकरा आठवडे
बॉयलरच्या खोलीत एक माणूस लपवला,
आणि बाबांना ते माहीत होतं.

शेवटचे चार शब्द
चारशे दहा पानांत कुठंच नव्हते.
मला तरी कुठं माहीत होते?
पण भट्टीत लाकडं कोण टाकायचं रोज पहाटे?

लिफाफ्यात आणखी एक लिफाफा घालायचा असतो,
तिकिटं लावलेला, आपल्याच पत्त्याचा,
म्हणजे त्यांना नाही म्हणायला खर्च पडत नाही.
न्यूयॉर्कसाठी अमेरिकन तिकिटं हवीत;
मार्सेल दर महिन्याला सीमेपलीकडे जाऊन
आम्हा सगळ्यांची आणायचा,
आणि पेट्रोलचे पैसे कधी मागायचा नाही.

तर नकार येतो तो आपल्याच अक्षरात.
पेटीत हात घातला की आधी आपलंच नाव,
इर्या लेहतोनेन, वळणदार, आशेनं काढलेलं.
दर वेळी क्षणभर वाटतं,
कुणीतरी ओळखीचं लिहितंय.

सात वेळा आलं. वहीत तीन रकाने:
गेलं कधी, कुणाकडे, परत कधी.
सातव्यात छापील चिठ्ठी, नेहमीचीच,
पण खाली पेन्सिलीनं, सही नसलेलं:
वडिलांना केव्हा कळलं?

याला कुठला रकाना, मी बर्नडेटला विचारलं.
तिनं चिठ्ठी दिव्याखाली धरली, मग चष्मा काढून पुन्हा धरली.
"गिऱ्हाईक आहे," म्हणाली.
"घेतला नाही. पण मासा उलटून बघितलाय."

घरी आले. बूट दारात तसेच, बर्फ वितळून डबकं.
फोन उचलला, बाबांचा नंबर फिरवला,
आणि घंटा वाजत असताना आठवलं,
त्यांच्याकडे आता रात्रीचे साडेअकरा.
ठेवणार होते.
त्यांनी उचलला.
मी गप्प बसले.